कैलासला कोणी धाडलं

मेजरसाहेबांचा फोन आला तेव्हा मी रनाळ्याला घराच्या ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत बसलो होतो. माझ्याच जुन्या इंजिनिअर रेजिमेंटचा पूर बचाव कॉलम, म्हणजे तुकडी, चार दिवसांपासून सारंगखेड्याला होता. घोड्यांच्या यात्रेचं मैदान श्रावणात मोकळंच असतं, तिथे त्यांनी तंबू ठोकले होते. तापीचं पाणी चढून पुन्हा उतरायला लागलं होतं. कॉलमला हुकूम होता, थांबा. फौजेत थांबणं हे सगळ्यात दमवणारं काम असतं.

"सुभेदारसाब, सुना है आपका गांव पास में है," साहेब म्हणाले. "कल गांववालों को कँप दिखा दीजिए. खाना हमारे साथ."

मी "जी साब" म्हणालो. चोवीस वर्षं तोंडात बसलेलं उत्तर आहे ते, निघायला विचार लागत नाही. आपण काय ओढवून घेतलं ते फोन ठेवल्यावर कळलं.

खरं सांगतो, मला या सगळ्याचा कंटाळा आला होता. रिटायर झाल्यापासून पंधरा ऑगस्टचा झेंडा माझ्याकडे, सव्वीस जानेवारीचं भाषण माझ्याकडे, आणि अधूनमधून कोणाच्या तरी पोराला भरतीसाठी पळवायचं तेही माझ्याकडे. लोक विचारतात, बॉर्डरवर किती जणांना मारलं? मी सांगतो, पूल बांधले, रस्ते केले, पुरातून माणसं काढली. लोकांचे चेहरे पडतात. आता मी तेही सांगायचं सोडून दिलंय. नुसता हसतो.

सरपंचाने गावाच्या ग्रुपवर निरोप टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढे दोन जीप भरल्या. रील काढायला निघालेली तरणी पोरं, चार-सहा बाया, दोन म्हातारे. आणि मागच्या बाकावर, दिराशेजारी, शेवंताबाई. तिला बघून माझा पाय पायरीवरच थांबला.

शेवंताबाई म्हणजे आमच्या लान्स नायक कैलासची आई. कैलास आमच्या गावचा आणि माझ्याच प्लाटूनचा. सहा वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या एका राज्यात, पुरात बोट उलटून तो गेला. त्याला तिरंग्यात घरी आणलं तेव्हापासून ही बाई वर्दीवाल्याशी बोलत नाही. सत्काराची शाल तिने दोनदा परत पाठवली. तिच्या मनात एकच पक्कं होतं, की कोणा मोठ्या साहेबाने गरिबाचं पोरगं बघितलं आणि हुकूम देऊन पाण्यात घातलं. तेराव्याला मी तिला सगळं समजावून सांगितलं, की तसं झालं नाही. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "तुम्ही फौजवाला सगळा एकच."

"मावशी, तू बी येस का?" मी विचारलं.

"येस."

"काय देखनं शे तुले तठे?"

"साहेब पोरेस्ले कसा धाडस, ते देखनं शे," ती म्हणाली. साहेब पोरांना कसा धाडतो तेच तिला बघायचं होतं. पदर सारखा करून ती पुढे बघत बसली. तिचा दीर गुलाबतात्या माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होता. मी किती समजावलं, ऐकत नाही, असा त्याचा अर्थ.

गेटवर संत्रीने सगळ्यांचे मोबाइल एका टोपलीत जमा करून घेतले. तरण्या पोरांचं निम्मं कँप बघणं तिथेच संपलं. सरपंच कडक इस्त्रीत आला होता. त्याने आत शिरताच चौफेर नजर टाकली.

"फौजी, रणगाडा कोठे शे?"

"इंजिनिअरना कॉलम शे, सरपंच. बोटी शेतस."

"मंग तोफ तरी व्हई."

"फावडा शेतस. एक हातमा ले, फोटो चांगला येई."

"फोटो कसाले येई? मोबाइल तं टोपलीमा शे," सरपंच म्हणाला. बायका पदराआड हसल्या. तोही हसला, पण थोडा नाराजच होता.

मी त्यांना तंबू दाखवले, बोटी दाखवल्या, बोटीच्या इंजिनाला ओबीएम म्हणतात ते सांगितलं, लाइफ जॅकेट पोरांना घालून दाखवलं. बायांना बोटींपेक्षा खाटा आवडल्या. एका रेषेत लावलेल्या, वर चादरीच्या घड्या, खाली बुटांचे जोड. एक जण म्हणाली, "आमना पोऱ्या घर तं जेवनं ताट बी उचलस नही." शेवंताबाई कुठेच थांबली नाही. ती सगळ्यांच्या मागून चालत होती आणि तिची नजर फक्त मेजरसाहेबांवर होती. साहेब म्हणजे चष्मा लावलेला, सडपातळ माणूस. चार दिवस ओल्यात काढून त्यांना सर्दी झाली होती, दर दोन वाक्यांनी रुमाल निघत होता.

"हाऊच साहेब?" तिने मला हळूच विचारलं.

"हाऊच."

"याले तं सोताले सर्दी व्हयेल शे," ती म्हणाली. तिला कोणी वेगळाच माणूस अपेक्षित होता हे मला तिच्या आवाजावरून कळलं.

जेवण लंगरच्या तंबूत होतं. पुरी, छोले, भात, जिलेबी. वाढायला सॅपर जसबीर होता, म्हणजे इंजिनिअरांतला साधा जवान, पंजाबचा, मिसरूड नुकतंच फुटलेलं पोरगं. त्या दिवशी त्याची लंगर ड्यूटी होती. "माताजी, एक और," म्हणत त्याने शेवंताबाईच्या ताटात जबरदस्तीने जिलेबी टाकली. तिने नको म्हटलं नाही. बोट कमांडर हवालदार आणि त्याच्या बोटीवरचे तिघे आमच्याच पंगतीत बसले होते.

तेवढ्यात शेजारच्या तंबूतून रेडिओ ऑपरेटर ओरडला.

"साब! नीचे की तरफ, केले का खेत. मोटर रूम की छत पे तीन लोग. पानी फिर चढ रहा है."

वरच्या धरणातून पुन्हा पाणी सुटलं होतं. खालच्या अंगाच्या केळीच्या मळ्यात एक सालदार, त्याची बायको आणि लहान मुलगी मोटारीच्या खोलीवर अडकली होती. मेजरसाहेबांनी ताट खाली ठेवलं, उभे राहिले आणि तोंड उघडलं. "बोट वन..."

पुढचा शब्द त्यांना बोलायची गरज पडली नाही. चौघे पंगतीतून उठून पळत सुटले होते. एकाच्या तोंडात घास होता. दोर सांभाळणाऱ्या लान्स नायकाच्या पायाला आदल्या दिवशी टाके पडले होते, तो लंगडत पळत होता. जसबीरने छोल्यांच्या पातेल्यात डाव टाकला आणि तंबूबाहेर उडी मारली. काठावर तो त्या लान्स नायकाच्या आधी पोचला, त्याच्या हातातून दोर घेतला आणि बोटीच्या नाकावर जाऊन बसला. जॅकेटचे बंद बसल्यावर बांधले.

"उतर!" हवालदार ओरडला. "तेरा नंबर नहीं है."

"उस्ताद, देर हो रही है."

हवालदाराने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी एकदा त्या टाके पडलेल्या पायाकडे बघितलं, एकदा पाण्याकडे, आणि हात हलवला. ओबीएम सुरू झालं. बोट गढूळ पाण्यात शिरली आणि वळणामागे दिसेनाशी झाली. साहेब रेडिओ सेट खांद्याला लावून दुसऱ्या बोटीपाशी मांडीभर पाण्यात जाऊन उभे राहिले.

आमची मंडळी ताटं सोडून काठावर आली होती. सरपंचाने टोपी काढून हातात धरली होती. शेवंताबाईच्या हातात अर्धी पुरी तशीच होती.

वाट बघणं मला नवीन नाही, पण सवय होते असं जे म्हणतात ते खोटं आहे. कैलास गेला त्या पुरातही मी सेटवरच होतो. कैलास आदल्या दिवशी सुट्टीवरून परतलेला. त्याचं नाव क्रूमध्ये नव्हतंच. एक जण तापाने फणफणला होता, त्याच्या जागी कोणाला द्यायचं हे कंपनी कमांडर मला विचारत होते आणि तोवर कैलास बोटीत बसून आमच्याकडे बघून हसत होता. दोन फेऱ्या झाल्या. दोन्ही वेळा बोट भरून आली. तिसऱ्या फेरीत पाण्याखालच्या विजेच्या तारांत इंजिन अडकलं आणि बोट उलटली. तिघे वर आले. मी सेटवर "बोट टू, बोट टू" करत राहिलो. कैलास आम्हाला दुसऱ्या दिवशी सापडला. तेराव्याला मी हेच सगळं त्याच्या आईला सांगितलं होतं.

आताही साहेब पाण्यात उभे राहून तेच करत होते. "बोट वन, बोट वन, रिपोर्ट. ओव्हर." सेटमधून नुसती खरखर येत होती. मी वाळूच्या पोत्यांवर बसलो. शेवंताबाई येऊन शेजारी बसली.

"त्या पोऱ्याले कोनी सांगं, बोटमा बठ म्हणीसन?"

"कोनीच नही, मावशी."

"साहेबनं बोलनं पुरं बी नही व्हयनं, तवय तो पयना."

"हां."

"तो हवालदार तं उतर म्हणे त्याले."

"हां."

मग तिने विचारलं, "कैलास बी असाच बठेल व्हता का?"

"असाच. हासत व्हता."

"तू सांगेल व्हतं."

"सांगेल व्हतं."

"मी मानं नही," ती म्हणाली. ती रडली नाही. हातातली पुरी तिने पदराच्या टोकात बांधून ठेवली, टाकून द्यायची नाही म्हणून.

गुलाबतात्याला नुसतं बसवेना. माणूस घाबरला की हाताला काम लागतं. त्याने पिशवीतून फडकं काढलं, प्रसादाचे रोट सोडले आणि शेवंताबाईपुढे धरले. आदल्याच रविवारी घरोघरी कानबाई देवी बसली होती. आमच्याकडे कानबाईच्या रोटासाठी गहू घेतात ते घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठ मोजून. ते रोट पुनवेच्या आत संपवायचे, आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. म्हणून तात्याने मला विचारलं नाही आणि मीही वाईट वाटून घेतलं नाही. शेवंताबाईने रोटाला हात लावला नाही.

सेट बोलला तेव्हा साहेबांच्या आधी मीच उठून उभा राहिलो.

"कंट्रोल, बोट वन. तीनों बोर्ड पे. वापस आ रहे हैं. ओव्हर."

"रॉजर, बोट वन. आराम से आओ. आउट." साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग तोच पुन्हा पुसला. ते शेवंताबाईनेही पाहिलं.

बोट लागली. सालदाराची बायको मुलीला छातीशी धरून उतरली. आमच्या बायांनी तिला दोन्हीकडून धरलं, एकीने आपली शाल मुलीला गुंडाळली. तरण्या पोरांपैकी एकालाही मोबाइल आठवला नाही. सगळ्यात शेवटी दोर ओढत जसबीर उतरला, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, दात वाजत होते. हवालदाराने त्याच्या पाठीत एक धपका घातला आणि मग त्याला तसाच कवेत घेतला.

शेवंताबाई उठली. तात्याच्या मांडीवरच्या फडक्यातून तिने एक रोट उचलला आणि चालू लागली.

"वहिनी, काय करी ऱ्हायनी? तो आपला भाऊबंद नही," तात्या म्हणाला.

"नही तं नही. कैलासना नावनी मूठ मी दर साल काढस. सहा वरीस ती मीच खाई ऱ्हायनू, गयाखाले उतरस नही. आज त्याले खाऊ दे."

ती जसबीरपुढे जाऊन उभी राहिली आणि रोट त्याच्या हातावर ठेवला. त्याने माझ्याकडे बघितलं. "साब, ये क्या है?"

"खा ले," मी म्हणालो.

तो उभ्यानेच खाऊ लागला. भूक सडकून लागलेली असणार, चार घासांत संपवला. शेवटचा घास जाईपर्यंत ती त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. गुलाबतात्या पाठ फिरवून नदीकडे तोंड करून बसला होता. त्याने डोळ्याला उपरणं लावलं होतं.

निघताना मेजरसाहेब जीपपर्यंत आले. ही कोण, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी टाचा जुळवून तिला सॅल्यूट केला. तिने सहा वर्षांत पहिल्यांदा एका वर्दीवाल्याला उत्तर दिलं. म्हणाली, "साहेब, सुंठना काढा ले." मी त्याचं हिंदी करून दिलं.

परतताना दोंडाईच्याकडचा रस्ता लागला तेव्हा तिने मला हाक मारली.

"भाऊ, सहा वरीस मी त्या साहेबवर राग धरा. सकाय उठीसन पहिले त्याले शिव्या देवू, मंग चूल पेटाडू. त्यानावरच जगनू मी." तिने पदरातली पुरीची गाठ चाचपली. "आते कोनवर राग धरू?"

मी ड्रायव्हरला जीप तिच्या घरापर्यंत न्यायला सांगितलं.

लान्स नायक कैलास, आमच्या प्लाटूनचा दोरवाला, पोहण्यात सगळ्यांच्या पुढे, सुट्टीवरून येताना सगळ्यांसाठी लाल मिरचीचा ठेचा आणणारा. दोन बोटी भरून माणसं त्याच्यामुळे आज कुठेतरी जिवंत आहेत. तो स्वतः गेला होता, त्याला कोणीही धाडलं नव्हतं. तेराव्याला हे त्याच्या आईला सांगताना मला वाटलं होतं, की आपण तिला धीर देतोय.