पायाला विचारणारे मास्तर

"पाय दाखव."

मैदानात शिरण्याआधी प्रत्येक मुलाला हे ऐकावं लागे. आमचे ड्रिलमास्तर मैदानाच्या तोंडाशी उकिडवे बसलेले असत. आपण पाय पुढे करायचा. ते टाच एका हातात धरत आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने घोटा, नडगी, गुडघ्याची वाटी असं दाबत वर येत. मुलाच्या तोंडाकडे मात्र पाहत नसत.

"मास्तर, काही दुखत नाही."

"तुला कोन इचारतंय? मी पायाला इचारतोय."

आणि खरंच, पाय उत्तर देई. दुखऱ्या जागी अंगठा पडला की मुलाचा चेहरा हसराच राही, पण पायाची बोटं आत वळत. मास्तर टाच खाली ठेवत आणि न पाहताच म्हणत, "जा. बाभळीखाली बस." बाभळीखाली बसणं म्हणजे त्या दिवशीचा खेळ संपला. मग कितीही विनवण्या करा.

त्यांच्याबद्दल लिहायचं दोन वर्षं मनात आहे. दर वेळी चार ओळी लिहितो आणि थकतो. आमच्या घरात कागदावर काही लिहिणारा मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं खरं उतरलं की नाही हे विचारायलाही घरी कोणी नाही. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, तर जिथे माझं चुकेल तिथे सांभाळून घ्या.

मी भाजे गावचा. इंग्रजी शाळेसाठी मळवलीहून लोणावळ्याला जात असे. कधी गाडीने, बहुधा रुळाकडेने पायी. मास्तर नवलाख उंबरे गावचे. आठवडाभर ते शाळेच्याच एका खोलीत राहत आणि शनिवारी दुपारी घरी जात. तरुणपणी ते पलटणीत होते, इराकात बसऱ्याच्या लढाईवर गेले होते. पण त्यांनी बंदूक धरली नव्हती. ते डोली वाहत. जखमी माणसं उचलून मागे आणायची, एवढंच त्यांचं काम. आम्ही लढाईच्या गोष्टी सांगा म्हणून मागे लागलो की ते एकच सांगत, "मानूस जखमी झाला की पयलं काय करतो? खोटं बोलतो. काय न्हाई झालं म्हनतो. मग पडतो."

पाय पास झाला की पाच खडे. प्रत्येकाने मैदानातले पाच खडे वेचून कुंपणापलीकडे टाकायचे, मगच हुतूतूची रेघ ओढायची. डोंगराकडची जमीन, पावसाळा सरला की खडे नव्याने वर येत. चार वर्षं मी रोज पाच खडे वेचले, पण ते संपलेले पाहिले नाहीत. दिवाळीनंतर मास्तर भाताच्या गिरणीवरून तुसाची पोती स्वतःच्या पाठीवर आणत आणि मातीत कालवून मैदानावर पसरत. त्यामुळे पडलेल्या मुलाचं ढोपर फुटत नसे. घरी गेल्यावर मात्र आई म्हणे, "शाळंत गेलतास का भात झोडायला?"

एकदा शाळा तपासायला साहेब आले. हेडमास्तर त्यांना मैदान दाखवायला घेऊन आले. साहेबांच्या बुटाला खिळे होते. मास्तर उठले, सलाम केला आणि मग खाली बसून, सवयीने असेल, म्हणाले, "पाय दाखवा." हेडमास्तरांचा चेहरा पडला. साहेबांनी पाय पुढे केला. मास्तरांनी तळ बघितला आणि म्हणाले, "साहेब, बूट हितंच ऱ्हाऊ द्या. खिळा गळाला तर पोरांच्या पायात जाईल." साहेब मोज्यांवर मैदान फिरून आले. जाताना त्यांनी पाच खडेही वेचले. शेऱ्यात त्यांनी काय लिहिलं, ते कळलं नाही.

एवढं असून मास्तर कोणाला फारसे आवडत नसत. मुरगळलेला पाय चोळायचा नाही, गार पाण्याची पट्टी घट्ट बांधायची आणि आठ दिवस बसून राहायचं, हे त्यांचं औषध. मुलांना ते शिक्षेसारखं वाटे आणि पालकांना आळसासारखं. घरी गरम तेल लावून पाय ओढणारी माणसं असत. "पुन्यांदा चोळून आलास?" असं विचारताना मास्तरांचा आवाज चढत नसे. तो दमलेला असे. एकच गोष्ट वीस वर्षं सांगणाऱ्याचा आवाज होता तो. त्यात एका वर्षी त्यांनी सगळ्यात चपळ मुलाला सुजलेल्या घोट्यापायी बाभळीखाली बसवलं आणि आम्ही शाळाशाळांतल्या हुतूतूच्या सामन्यांची ढाल हरलो. तेव्हापासून शाळेच्या कमिटीतले लोक त्यांच्याशी तुटक बोलू लागले.

पुढच्या वर्षी मी कप्तान झालो. मी फार चांगला खेळत नव्हतो. मास्तर म्हणाले, "ह्यो खोटं बोलत न्हाई. ह्यालाच करा."

आता मला माझ्या पायांबद्दल सांगायला हवं. मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना माझे पाय आधी आले. अशा माणसाचा पाय लावला की पाठीत भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. लहानपणापासून सकाळी सकाळी दारात माणसं येत. आई मला अंथरुणातून उठवून उभं करी आणि मी झोपेतच म्हाताऱ्यांच्या पाठीला पाय लावत असे. एरवी थोरांना पाय लागला तर नमस्कार करायचा. इथे मात्र तेच मला हात जोडत. वडिलांना गावात मान नव्हता, पण माझ्या पायांना होता. मी तो मान खरा धरला. शाळेत शास्त्र शिकत होतो, तरी धरला.

माझा मित्र वसंता लोणावळ्याचा. त्याचे वडील रेल्वेत होते, आणि मॅट्रिक झाला की वसंताला इंजिनावर फायरमन म्हणून लावायचं, हे ठरलेलं होतं. चढाईला त्याच्यासारखा मुलगा आमच्यात नव्हता. ढालीच्या सामन्याच्या तीन दिवस आधी त्याचा गुडघा पिळला. तो शाळेमागच्या टाकीजवळ मला घेऊन गेला.

"मास्तरांना कळलं तर बाभूळ," तो म्हणाला. "तू पाय लाव ना. तुझा गुण आहे म्हणतात."

"तो पाठीला असतो, वश्या. गुडघ्याला चालतो की नाही, मला माहीत नाही."

"पाठ काय नि गुडघा काय, हाडंच की सगळी!"

तीन सकाळी मी त्याच्या गुडघ्याला पाय लावला. तिसऱ्या सकाळी तो उठून दोन उड्या मारून म्हणाला, "गेलं बघ! डॉक्टर होशील तू." मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

सामना आमच्याच मैदानावर होता. पाहुण्यांसाठी कमिटीने आदल्या दिवशी मांडव घातला होता आणि सकाळी जागा अडते म्हणून त्याचे खांब उपटले होते. मैदानात खांबांचे खड्डे पडले होते. मास्तर घामाघूम होऊन त्यात माती आणि तूस भरत होते. समोरचा संघ येऊन उभा राहिला, हेडमास्तर घड्याळ दाखवू लागले, तरी मास्तर धुमसाने माती बसवत होते. शेवटी त्यांनी मान वर केली.

"आज पाय बघाया येळ न्हाई. कप्तान, तू सांग. कुनाला काय दुखतंय?"

वसंता माझ्या शेजारीच होता.

"कोणाला काही नाही, मास्तर. सगळे ठीक."

मी खोटं बोलत नव्हतो, असं मला तेव्हा वाटत होतं.

दुसऱ्या डावात वसंता चढाईला गेला. दोघांना बाद करून परत वळला, तेव्हा मागून कोणी धरलंही नव्हतं. तो नुसता वळला आणि खाली बसला. ओली फांदी मोडावी तसा आवाज मला रेघेपर्यंत ऐकू आला. मास्तर माझ्या आधी पोचले. त्यांनी गुडघ्याला हात लावला आणि पहिल्यांदाच मी त्यांना मुलाच्या तोंडाकडे पाहताना पाहिलं.

तो पाय फार दिवस लाकडात बांधलेला होता. पुढे भरतीच्या वेळी रेल्वेच्या डॉक्टरने वसंताला गुडघा वाकवायला सांगितलं. तो अर्धाच वाकला. आता तो मामाच्या किराणा दुकानात तराजूमागे बसतो.

त्याच्या वडिलांनी तक्रार केली. कमिटीपुढे मास्तरांना आणि संघाला बोलावलं. एक सभासद म्हणाले, "धडधाकट मुलं बसवता आणि दुखावलेली खेळवता! पाय तपासले होते का?"

"न्हाई तपासले," मास्तर म्हणाले.

"का?"

"चूक झाली."

त्यांनी मला विचारलं होतं, हे ते बोलले नाहीत. मी भिंतीशी उभा होतो. मला नादारी, म्हणजे फीमाफी, होती. ती गेली असती तर शाळा सुटली असती. ते कारण होतंच. पण खरं कारण वेगळं होतं. मी पायाळू आहे आणि माझ्या पायात काही नाही, हे त्या खोलीत मोठ्याने बोलायचं धाडस मला झालं नाही. वर्ष संपल्यावर मास्तरांना निरोप दिला गेला. वसंताही सगळ्यांना सांगे, "मास्तरांनी त्या दिवशी पाय पाहिला असता तर!"

मी कॉलेजात गेलो. पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, एका सकाळी, नवलाख उंबऱ्याला त्यांचं घर शोधत गेलो. मास्तर ओटीवर पालथे पडले होते. पाठ धरली होती. त्यांच्या बायकोने माझं गाव विचारलं, आईचं नाव विचारलं आणि एकदम म्हणाली, "म्हंजी तूच का रं भाज्याचा पायाळू? देवानंच धाडला! लाव बाबा पाय ह्यांच्या पाठीला."

"मावशी, त्याने काही होत नाही."

"असं म्हनू नगं. लाव."

मास्तर मान न वळवता म्हणाले, "लाव रे. तिचं समाधान हुतंय."

मी चपला काढल्या, पाय धुतला आणि त्यांच्या पाठीवर ठेवला. तुसाची पोती वाहिलेली ती पाठ माझ्या तळव्याखाली श्वासाबरोबर हलत होती. तसाच एका पायावर उभा राहून मी सगळं सांगून टाकलं. टाकी, तीन सकाळी, 'सगळे ठीक', सगळं. मावशी आत गेली होती.

मास्तरांनी कपाळ हातांवर टेकवलं. मग म्हणाले, "पायाला इचारायचं, तर मी तुला इचारलं. जल्मात एकदाच."

"मास्तर, चूक माझी आहे."

"तुजी व्हय. माजी बी व्हय. आता पाय काढ, लय जड झालास." मी पाय काढल्यावर त्यांनी विचारलं, "त्याला सांगितलंस का?"

"नाही."

"मग हितं कशाला आलास? आधी तितं जा."

दुसऱ्याच दिवशी मी वसंताच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. माझ्या पायात काही गुण नाही, कमिटीपुढे मी गप्प राहिलो, काल मास्तरांच्या पाठीला पाय लावला, हे सगळं मी सांगत होतो आणि तो तराजूतली मापं एकावर एक रचत होता. सांगून झाल्यावर वाटलं, आता तो एखादं माप मला फेकून मारेल.

"उसण उतरली का त्यांची?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने मापं पुन्हा खाली ठेवली. "जा तू आता," म्हणाला.

दिवाळीत पुन्हा जाईन असं मी मास्तरांना म्हटलं होतं. त्याआधीच, पाऊस उघडता उघडता, ते गेले. मला ते वसंताच्या कार्डावरून कळलं. त्याआधी तीन महिने त्याने मला एक अक्षर लिहिलं नव्हतं. कार्डात लिहिलं होतं, की तो बैलगाडी करून त्यांना भेटायला गेला होता, मास्तर भिंतीला टेकून बसले होते, आणि त्याने खाली बसायच्या आतच ते म्हणाले, "पाय दाखव."

पुढे वसंताने एवढंच लिहिलं होतं: "दाखवला. फार वेळ हातात धरून होते."