देवरावचं रशियन

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. लग्नघरी दाराशी चपला साचतात तसे ते साचत जातात, आणि नंतर कोणती कोणाची ते कळत नाही. आम्ही जुने कारखानेवाले आजही कुठे बारशाला जमलो, तरी चहा यायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "देवरावचा पिक्चर सांग ना बे!" मग सांगणारा एक आणि दुरुस्त करणारे बाकी सगळे. इथे मात्र मी एकटाच आहे, तेव्हा मी सांगतो तेच खरं!

तर रशियाच्या मदतीनं भिलाईचा पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. भट्टी अर्धी, रस्ते अर्धे, आणि सेक्टर दोनच्या नव्या क्वार्टरांत भंडारा-गोंदियाकडून आलेले आम्ही मात्र पुरते धुळीनं माखलेले. करमणूक एकच. शनिवारी संध्याकाळी मैदानात दोन बांबूंना पांढरा पडदा बांधून रशियन पिक्चर दाखवायचे. आणलेले रशियन साहेबांसाठी, पण पाहायला आमचीच गर्दी. पिक्चर बहुतेक लढाईचे. तोफा कळायच्या, बोलणं काही कळायचं नाही.

देवराव आमच्यातला खलाशी, म्हणजे जड माल क्रेनला बांधून चढवणारा. त्याचे साहेब निकोलाय. साहेब "विरा!" म्हणाले की माल वर घ्यायचा, "मायना!" म्हणाले की खाली सोडायचा. देवरावचं सगळं रशियन एवढंच.

एका शनिवारी पडद्यावरचा जखमी शिपाई मरता मरता बराच वेळ काहीतरी बोलत होता. मागून कोणीतरी विचारलं, "काय म्हनून राहिला बा तो?"

देवराव शांतपणे म्हणाला, "म्हन्ते, मायले सांगा, माह्या वाटचा भात झाकून नोको ठेवू."

बायका हुंदके देऊन रडल्या. त्या दिवसापासून देवराव आमचा इंटरप्रीटर!

* * *

त्याची समज मात्र पक्की शेतकऱ्याची होती. सेनापती नकाशावर बोट ठेवून ओरडला की देवराव सांगायचा, "म्हन्ते, बांध आमचा हाय, कोनं कोरला?"

समोरचा सेनापतीही नकाशावर मूठ आपटायचा.

"हा म्हन्ते, तुह्या बापानंच कोरला होता!"

मग तोफा सुरू व्हायच्या. एवढी मोठी लढाई बांधावरून झाली, यात आम्हाला काही नवल वाटलं नाही. आमच्या गावाकडे याहून लहान बांधावरून डोकी फुटली होती.

* * *

मैदानात एक रीत होती. पुरुष प्रोजेक्टरच्या बाजूला बसायचे आणि बायका पडद्याच्या मागे. पडदा पातळ, त्यामुळे चित्र तिकडूनही छान दिसायचं. फक्त उलटं, उजवं ते डावं!

माझी बायको कमल एकदा घरी येऊन म्हणाली, "कावून हो, रशियन लोक समदे डावरे असतेत काय?"

मी फर्स्ट शिफ्ट करून दमलेलो. म्हणालो, "असतीन."

दिवाळीला निकोलाय साहेब आमच्या क्वार्टरवर फराळाला आले. पाटावर मांडी घातली आणि उजव्या हातानं चिवडा खायला लागले. कमलनं मला स्वयंपाकघरात खेचलं.

"हा सायेब खरा रशियन नाही वाटत. जरा चौकशी करा!"

* * *

निकोलाय साहेब स्वतःही कधी कधी आमच्यात येऊन बसायचे. त्यांचं हिंदी देवरावच्या रशियनइतकंच. एका सोमवारी त्यांनी देवरावला गाठलं.

"देवराव, हमारा पिक्चर में आदमी रोता. तुम्हारा लोग हँसता. क्यों?"

देवराव म्हणाला, "साहेब, यहाँ का आदमी बहुत मजबूत है!"

साहेबांनी खूश होऊन त्याची पाठ थोपटली.

* * *

आणि आता शांताचा किस्सा.

दुर्गच्या मोहन नगरात मामाकडे राहणारी शांता देवरावला सांगून आली होती. त्यानं तिला सुपेल्याच्या बाजारात एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्याचं जेवण सुटलं होतं. आम्हाला म्हणाला, "केलं त इच्याशीच करीन, नाही त असाच राहीन." गडी गंमत करत नव्हता. आम्हालाही त्याची काळजी वाटायला लागली.

मध्यस्थानं फुशारकी मारून ठेवली होती, "पोरगा रशियन बोलते!" तेव्हा शांताचे वडील सखारामजी गोंदियाकडून परीक्षा घ्यायलाच आले. शनिवारी ते मैदानात पुढे बसले, शांता मामीबरोबर पडद्यामागे. आणि सखारामजींच्या शेजारी नेमके निकोलाय साहेब!

त्या दिवशी ऑपरेटरनं रिळांची अदलाबदल केली. देवरावनं हिरोला मोठ्या इतमामानं मारलं, भाताचा निरोपही दिला. पुढचं रीळ लागलं, तर हिरो कोणाच्यातरी लग्नात नाचतोय!

सखारामजी उठून उभे राहिले. "अरे, हा त मेला होता!"

देवराव घाईनं म्हणाला, "तो... भाऊ होय जी त्याचा."

सखारामजी साहेबांकडे वळले. "साहेब, ये उसका भाई है?"

साहेबांनी देवरावकडे पाहिलं. देवरावनं पोटाशी धरलेली मूठ हळूच वर केली. क्रेनवरची खूण: माल लटकलाय, वर घ्या!

"भाई," साहेब म्हणाले. "पक्का भाई!"

दुसऱ्या दिवशी आम्ही पेढे घेऊनच मोहन नगरात गेलो. सखारामजी गंभीर.

"पोरगा हुशार हाय. खरंच रशियन येते त्याले. म्हनूनच माही ना हाय. उद्या ह्या सायबांनी त्याले रशियाले नेलं, त माह्या पोरीले भेटाले मी कोनत्या गाडीत बसू?"

देवरावचा चेहरा पडला. "मले नाही येत जी रशियन! देवाशपथ! निस्तं वर घ्या अन् खाली सोडा, एवढंच येते!"

"साऱ्या मैदानासमोर बोललास, अन् आता नाही येत?"

मी सायकल दामटत भिलाईला गेलो आणि निकोलाय साहेबांना त्यांच्याच जीपमधून घेऊन आलो. म्हटलं, खरं काय ते तेच सांगतील. सखारामजींनी विचारलं, "साहेब, देवराव को रशियन आता है?"

साहेबांना वाटलं, कालचीच परीक्षा अजून चालू आहे. मित्राला असा कसा सोडतील? छातीवर हात ठेवून म्हणाले, "देवराव? बहुत अच्छा रशियन! मेरे जैसा!"

देवरावनं डोकं धरलं. सखारामजींनी टोपी घातली. पेढ्यांचा पुडा मी मुकाट्यानं मागे ओढला.

तेवढ्यात आतल्या दाराच्या पडद्यामागून आवाज आला.

"बाबा, काल मेला तो डावरा होता, अन् नाचला तो बी डावराच. दोन सख्खे भाऊ दोघंबी डावरे कुठं असतेत? मानूस एकच होता. ह्याले रशियनचा र बी येत नाही. करून टाका लगन!"