पुलावरच्या इंजिनाचा फोटो

इतकी वर्षे झाली, तरी एका पुलाचा फोटो माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

चीनशी युद्ध सुरू होते. मी अलिबाग भागात फौजदार होतो. कोणी अनोळखी माणूस दिसला, कोणी कॅमेरा बाहेर काढला, की लोक ठाण्यावर धावत येत. आलेली प्रत्येक खबर स्टेशन डायरीत नोंदवून तिची चौकशी करायची, असा वरून हुकूम होता. एका सकाळी एक किराणा दुकानदार आला. त्याच्या शेजारी शाळेचे चित्रकला शिक्षक राहत.

"साहेब, दर रविवारी थळचा एक नाखवा मास्तरांकडे येतो. दोघं दार लोटून फोटो बघत बसतात. काल मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. मास्तर म्हणाले, सावली अशी पडलीय म्हणजे गाडी दुपारची पुलावर येते. आता तुम्हीच सांगा, अलिबागेत रेल्वे आहे का? मग यांना पूल कशाला हवा?"

प्रश्न मलाही पडला. आमच्या किनाऱ्यावर रूळच नव्हते. मुंबईची आगगाडी बघायची तर आधी रेवसहून लाँच पकडावी लागे. पंचांना घेऊन मी शिक्षकांच्या घरी गेलो. कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत फोटोच फोटो: इंजिने, मालडबे, सिग्नल, इंजिनात पाणी भरायचे नळ. आणि एक लांब लोखंडी पूल, त्यावर स्वातंत्र्यानंतर आलेले टोकदार नाकाचे इंजिन. पंचनामा केला, डबा मुद्देमालात घेतला, थळहून नाखव्याला बोलावले आणि दोघांनाही ठाण्यावर आणले.

शिक्षकांनी हात जोडले. "साहेब, मुख्याध्यापकांनी आत्ताच घरी बसायला सांगितलंय. गुन्हा नोंदलात तर नोकरी गेलीच समजा."

आमची रीत ठरलेली होती. दोघांना वेगळे बसवायचे आणि एकच प्रश्न विचारायचा. जबाब जुळले नाहीत, तर खोटे पकडले असे समजायचे.

फोटो आपणच आणतो, असे नाखव्याने लगेच कबूल केले. सुकी मासळी घेऊन तो मुंबईला जाई आणि येताना जुन्या बाजारातून फोटो घेऊन येई.

"कशासाठी?"

"तुमी सिनेमा कशापायी बघताव, सायेब?"

हवालदार खोकल्याचे निमित्त करून बाहेर गेला.

पुलाचा फोटो पुढे ठेवून मी विचारले, हा कुठला? नाखवा म्हणाला, खंडाळ्याच्या घाटातला. दुसऱ्या खोलीत शिक्षक म्हणाले, नर्मदेवरचा. मी मनात खूश झालो. दोघांना समोरासमोर उभे केले आणि टेबलावर हात आपटला. "खोटं कोण बोलतंय?"

शिक्षकांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. ते नाखव्याकडे वळले. "खंडाळा? अहो, अजून तेच? हे इंजिन आलं स्वातंत्र्यानंतर. घाटात विजेच्या तारा त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. दाखवा बघू यात तार!"

"लांबून माझ्या होडीचा दोर दिसतो काय, गुरुजी? दिसत न्हाय म्हनून होडी काय वाऱ्यावर बांधलीय?"

"आणि खाली एवढं पाणी?"

"पावसाचं हाय."

"त्या पावसात तुमची होडी चालेल, नाखवा!"

मी दोनदा "गप्प बसा" म्हणालो. कोणी ऐकले नाही. खोटे बोलणाऱ्याची नजर अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर असते, हे मी नोकरीभर पाहिले होते. या दोघांची नजर फोटोवरून उठत नव्हती. कट करणाऱ्यांना पूल कुठला आहे एवढे तरी ठाऊक असते.

पण मला एकट्याला पटून चालत नाही. फोटो मी रेल्वे पोलिसांकडे पाठवला. उत्तर येईपर्यंत शिक्षक घरी बसले. नाखव्याला रोज ठाण्यावर हजेरी द्यावी लागली आणि ऐन हंगामात त्याची होडी किनाऱ्यावर पडून राहिली. अखेर उत्तर आले. पूल घाटातला नव्हता आणि नर्मदेवरचाही नव्हता. तो फोटो रेल्वेने स्वतःच प्रसिद्धीसाठी छापून वाटला होता.

मी स्वतः मुख्याध्यापकांकडे गेलो. संशय निराधार असल्याचे त्यांना लिहून दिले. शिक्षक दुसऱ्या दिवशी वर्गावर गेले. मग डबा परत करायला त्यांच्या घरी गेलो. नाखवाही तिथेच होता.

"तो पूल कुठला ते कळलंय," मी म्हणालो.

"सांगू नका, साहेब!" शिक्षकांनी दोन्ही हात पुढे केले.

"आयतं सांगितलंव तर आमी रविवारी करायचं काय?" नाखवा म्हणाला.

मी सांगितले नाही.

घरी येताना मात्र मन थाऱ्यावर नव्हते. त्याआधी केवळ जबाब जुळले नाहीत म्हणून मी कितीजणांना कोठडीत बसवले होते? त्यांतले काहीजण या दोघांसारखेच असतील. एकच गोष्ट पाहून आपापल्या परीने खरे सांगणारे. त्यांचे चेहरे मला आठवत नाहीत, आणि याचीच जास्त लाज वाटते. पुढे निवृत्त होईपर्यंत दोन जबाब जुळले नाहीत तर मी चहा मागवून पुन्हा ऐकत असे. पढवल्यासारखे शब्दाला शब्द जुळले, तरच कसून चौकशीसाठी दार लावून घ्यायला सांगत असे.