राखणदाराच्या पायावरचं कुंकू

तव्यावरची भाकरी फुगत आली होती, तेवढ्यात दार असं वाजलं की मी गॅस बंद करून पिठाच्या हातानंच कडी काढली. दारात दूध संस्थेतला कृष्णात. पोटाशी टॉवेलात काहीतरी गुंडाळून धरलेलं.

"वैनी, आक्का उठल्यात काय? कूलर सारखा बंद पडून चालू व्हायलाय. सकाळचं सगळं दूध आत हाय. दुपारपतोर नासंल की!"

आक्का म्हणजे शिवलीला, आमच्या वरच्या खोलीतली भाडेकरू. माहेर कुरुंदवाडचं, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली. नवरा-बायको मिळून मशीनची बोर्डं दुरुस्त करायची; तो गेला आणि ते टेबल तिच्या एकटीचं झालं. आमच्या बावड्यात कुणाचं काही बिघडलं की तिलाच हाक. पूजेला मात्र कोणी बोलवत नाही, विधवा म्हणून.

"टॉवेल धार काढतानाचा, ओला न्हाय न्हवं?" खाली येऊन टॉवेलातलं कूलरचं बोर्ड घेत शिवलीलानं विचारलं.

"धुतलेला हाय, आईशप्पत!"

चहाचं निमित्त करून मीही वर गेले. तिनं बोर्डाला वीज जोडली. लाल दिवा लागला, विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला.

"वैनी, ही मोठी आयसी म्हणजे मेंदू. आणि ही बारकी राखणदार. मेंदू हिला सारखी टिचकी मारतो, मी जागा हाय म्हणून. टिचकी आली न्हाय की हिला वाटतं तो झोपला. मग ही त्याला हलवून पुन्हा उठवती."

"मग झोपतोय व्हय त्यो?" कृष्णातनं विचारलं.

"तेच बघायचंय."

विजेची हालचाल पडद्यावर दाखवणाऱ्या स्कोपची सुई तिनं मेंदूच्या बारीक धातूच्या पायाला टेकवली. पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारू लागली, नाडीसारखी. मग सुई राखणदाराच्या पायाला. रेघ सपाट.

नखाएवढ्या जागेत एक जण जिवाच्या आकांतानं हाक मारतोय, शेजारच्याला ती पोचत नाही, आणि तेवढ्यापायी एवढं दूध नासायला निघालंय.

शिवलीला भिंगातून बराच वेळ बघत राहिली.

"कृष्णात, खंडेनवमीला पूजा कशाची केलास?"

"कूलरची की. सगळ्यांनी झाकणाला कुंकू लावलं. म्या म्हटलं, खरं काम आतला करतोय, म्हणून पेटी उघडून…"

"ह्या बारक्या राखणदारालाबी लावलास?"

"एकट्याला वगळायचं कसं, आक्का? रुसला असता की!"

ती खळखळून हसली. पाण्यात कालवलेलं ते कुंकू वाळलेलं होतं तोवर काही बिघडलं नव्हतं. कॅन धुतानाची वाफ लागली, ते पुन्हा ओलावलं, आणि मेंदूची टिचकी त्या ओलीतूनच भलतीकडे निसटू लागली.

स्पिरिट आणि जुना टूथब्रश. कापसावर लाली उतरली. तिनं सुई पुन्हा राखणदाराच्या पायाला टेकवली, आणि आत्ता जिथं काहीच नव्हतं तिथं ती रेघ उड्या मारत आली. दिवा लागला तो लागूनच राहिला. माझे हात आपसूक जुळले, पिठासकट.

कृष्णात बोर्ड घेऊन पळाला. चहा होईपर्यंत त्याचा फोन आला, मागे कूलरची घरघर.

"आक्का, लागला! दूध गार व्हायलंय! तुमाला काय पायजे ते मागा!"

शिवलीलानं आधी माझ्याकडं पाहिलं.

"पुढच्या खंडेनवमीला मला बोलवा," ती फोनमध्ये म्हणाली. "झाकणाला कुंकू मी लावीन."