लेकीच्या ग्रुपवर गेलेला अंगठा
ओल्या मेथीचा वास आला की मला माझा तो पराक्रम आठवतो. नाशिकला न्यायच्या जुड्या बांधत होतो आणि लेकीच्या वर्गाचा ग्रुप माझ्याच फोनवर होता, कारण घरात फोन तेवढाच. वर्गात बाकांवर मार्कांप्रमाणे बसवावं का, यावर पोरं भांडत होती. लेक सकाळपासून विरोधात लिहीत होती. एकाने टाकलं, ‘नापासांना मागेच बसवा, त्यांना काय कळतं?’ वाचता वाचता माझ्या ओल्या बोटाने त्यालाच पसंतीचा अंगठा गेला. सगळी पोरं तिला हसायला लागली. मी घाबरून फोन तिच्या हाती दिला. तिने शांतपणे लिहिलं, ‘अंगठा बाबांचा, चुकून गेला. ते दहावीला दोनदा नापास झालेत. माझी भूमिती पक्की झाली ती त्यांच्याबरोबर वाफे आखताना.’ अभिमानाने फुगलेली माझी छाती अजून खाली बसलेली नाही. बायको मात्र वाचून एवढंच म्हणाली, ‘दोनदा? लग्न ठरवताना तर एकदाच सांगितलं होतं.’