पुण्याची गाडी अकोल्यात अडली

दोस्तहो, मागच्या महिन्यात एक जुनी गाडी पाह्याले मी अमरावतीहून थेट पुण्याले गेलो. बोनेटले हात लावला तं चटका बसला. थंडी गाडी सुरू होत नाही हे मले समजू नये, म्हणून मालकानं इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं.

"पसंत आहे, अमरावतीले आणून द्या, पैसे तिथंच देतो," एवढंच म्हटलं.

काल मालक गाडी घेऊन निघाला, रात्री अकोल्यात थांबला. आज सकाळी त्याचा फोन, "दादा, गाडी सुरूच होत नाहीये."

म्हटलं, "मी यायच्या आधी केली होती, तशीच करा."

बायको म्हणते, "लय झालं, गाडी ओढून आणायले टोचन पाठवा." तुमी पाठवलं असतं का? मी तं चहा पिऊन राह्यलो.