बाबांची दाढी

आमच्या दुकानात दोन खुर्च्या आहेत. आतली दादाची, दाराजवळची माझी. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आणि लोकांच्या मते साठ पटींनी गुणी.

त्याच्याकडे बाबांचा दाढीचा ब्रश होता, जनावराच्या केसांचा, लाकडी मुठीचा. बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी तो दादाला दिला. मला विचारलंसुद्धा नाही. मग मी हट्टाने सिंथेटिक घेतला. झटकला की कोरडा, फिरवला की फेस. दादाचं एक गिऱ्हाईक होईपर्यंत माझी तीन होतात. तरी लोक बाकावर त्याच्यासाठी ताटकळत बसतात आणि मी "या" म्हटलं की पेपरात तोंड खुपसतात. माझ्या पोटात दुखतं, लपवू कशाला.

पण खरं दुखणं गिऱ्हाइकांचं नाही. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी दादा बाबांची दाढी करतो. अकरा वर्षं झाली. मी एवढ्या लोकांच्या गालांवरून वस्तरा फिरवला, बापाच्या गालावरून एकदाही नाही.

मागच्या आठवड्यात वहिनीला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून दादा सकाळीच निघून गेला. मी टॉवेल खांद्यावर टाकून बाबांसमोर हजर. त्यांनी माझा ब्रश पाहून नाक मुरडलं.

"हा प्लॅस्टिकचा नको. त्याचा घे."

घेतला. असले केस कोमट पाण्यात निवांत भिजवायचे असतात हे मी रोज बघतो, पण तेवढा धीर कुणाला? दादा परत यायच्या आत मला ती दाढी करून मोकळं व्हायचं होतं. किटलीतलं उकळतं पाणी सरळ ब्रशवर ओतलं. मुठीतला डिंक सुटला आणि पहिल्याच हाताला केसांचा पुंजका बाबांच्या गालाला चिकटला. मग दुसरा.

"राहू दे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच तोंड पुसलं.

दुपारी दादाने ब्रश पाहिला. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"जुनाच झाला होता रे," तो म्हणाला.

त्याच्या या चांगुलपणाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने माझाच ब्रश उचलला. मी दारात उभा राहिलो. आता यालाही बोलणी बसू देत, असं मनात होतं. खोटं कशाला सांगू. बाबांनी डोळे मिटून मान मागे टाकली. दादाने फेस केला, गालावर लावला.

"मऊ आहे की," बाबा म्हणाले. "कुठून आणलास?"

"धाकट्याचा आहे."

एक गाल झाल्यावर दादाने वस्तरा माझ्यापुढे धरला.

"ही बाजू तू कर."

मी हात पुढे केला.

"नको, नको," बाबा डोळे न उघडताच म्हणाले. "त्याला कशाला त्रास?"